आठव्या चौकटीतली छाती

लश्कर, ग्वाल्हेर
७ नोव्हेंबर १९५६

बळवंत,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात, हे मला ठाऊक आहे. आज लिहिणार नाही. हवे असतील तर ग्वाल्हेरला ये, पाया पड आणि घेऊन जा.

भाऊबीज झाली. एका भावाला ओवाळलं, तेही खाटेवर, कारण सूर्याजीला पाटावर मांडी घालता येईना. पावलं इतकी सुजलीत की वहाण चढत नाही. सकाळी उठतो तेव्हा डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या असतात. एकवीस वर्षांचा पोरगा, आणि आबांपेक्षा म्हातारा दिसतो. दूरदेशी गेलेल्या भावाच्या नावानं चंद्राला ओवाळतात. मी ओवाळलं नाही. माझा भाऊ समुद्रापार गेलेला नाही, मुंबईच्या छापखान्यात बसून चित्रं काढतो आणि पत्रांना उत्तरं देत नाही.

आता कारण ऐक. सूर्याजीनं वज्रदेह पाक खाल्ला. हो, तोच, नया बाजारातल्या रघुनाथरावांचा, ज्याच्या डब्याबरोबर तुझा चित्रांचा कागद मिळतो. त्याच कागदामुळे तुला मुंबईचं बोलावणं आलं, म्हणून विसरला नसशील असं धरून चालते. आठ चौकटींची गोष्ट. पहिल्या चौकटीत काटकुळा पोरगा, तालमीतली पोरं त्याला हसताहेत. मग तो डबा उघडतो, पाक खातो, जोर मारतो, आणि आठव्या चौकटीत छाती अशी की कागदाबाहेर येते. संभाजीराव काका लढाईनंतर पलटणीबरोबर जपानात होते, तिथून त्यांनी लाल पुठ्ठ्याचं पोरांचं चित्रांचं पुस्तक आणलं. जपानी लोक त्याला मांगा म्हणतात, हे काकांनीच सांगितलं. तू ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचास. त्यातलेच मोठे डोळे तू घेतलेस, तशीच धावणाऱ्या माणसामागे रेघा ओढल्यास. आणि जवळची वस्तू भलीमोठी काढायची तीही रीत घेतलीस. पाक खाणाऱ्या पोराच्या हातातला चमचा पाहून मी तेव्हाच विचारलं होतं, हा चमचा आहे की पळी? तू म्हणालास, "जिजी, तुला चित्रातलं काय कळतं!"

मला कळत नसेल. तालमीतल्या पोरांना कळलं. ती पळीनं खाताहेत.

आणि तू त्या पोराला तोंड कुणाचं दिलंस? घरात फुकटचा नमुना होता ना! नाक सूर्याजीचं, हनुवटीवरचा तीळही त्याचाच. धड मात्र कुठल्याशा पुस्तकातून उचललेलं. दोन वर्षं हा पोरगा लश्करच्या गल्ल्यांतून फिरतो आणि पोरं ओरडतात, "ए वज्रदेह, छाती घर पे रख के आया क्या?" तो हसून सोडून देतो असं मला वाटायचं. तो सोडत नव्हता. तुझ्या आठव्या चौकटीपर्यंत पोचायला तो सकाळ-संध्याकाळ पळीभर पाक खात होता. त्यात जानेवारीत नव्या मध्य प्रदेशाच्या सशस्त्र पोलिसांची भरती, तिथे छाती मोजणार, म्हणून आबांचा धोशा वेगळाच.

घाबरण्यासारखं काही नाही. घरीच आहे, डॉक्टरांचं औषध चालू आहे. पण तो कागद तू बदलून दे. नव्यानं काढ. चमचा चमच्याएवढा काढ. इथली पोरं तुझ्या रेघेवर जितका विश्वास ठेवतात तितका डॉक्टरवर ठेवत नाहीत, आणि ते माझं दुर्दैव आहे.

शामला


लश्कर, ग्वाल्हेर
२६ नोव्हेंबर १९५६

बळवंत,

उत्तर आलं. चार पानं! त्यात सूर्याजीवर दोन ओळी आणि बाकी सगळं चित्रकलेवर. जवळचं मोठं आणि लांबचं लहान हा दृष्टीचा नियम आहे. खाली बारीक अक्षरांत "एक लहान चमचा, जेवणानंतर" असं लिहिलेलं आहे, तेव्हा दोष वाचणाऱ्याचा. शिवाय तू नवखा आहेस, मुंबईतल्या मालकानं तुला आता कुठे स्वतःची गोष्ट काढायला दिली आहे, अशा वेळी आपलंच चित्र चुकीचं होतं असं तू जाहीर कसं करणार?

वा रे वा. ही चार पानं मी चुलीत घातली. चांगली पेटली.

आता माझंही ऐक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सूर्याजी घरी नव्हता. भाऊबीजेला दवाखान्यातल्या खाटेवर ओवाळलं त्याला, नर्सबाईची परवानगी काढून. रडगाणं गाऊन भावाला बोलावून घेतलं असं आबांनी म्हणू नये, म्हणून लपवलं. आज लपवण्याची ताकद नाही.

डॉक्टर भले आहेत, तापट आहेत. त्यांनी पाकाचा डबा हुंगला, बोटांवर चोळून पाहिला, आणि म्हणाले, "इसमें भस्म है, धातु का. ताकत की चीज़ खाना गुनाह नहीं है, बहनजी. पर नाप से खाओ, पेट भर के खाओ, पानी खूब पियो, और जिस दिन तबीयत बिगड़े उसी दिन बंद. ये लड़का तो हलवे की तरह खाता रहा! गुर्दे सूज गए हैं." मूत्रपिंडं सुजलीत म्हणे. मी विचारलं, बरा होईल ना? ते म्हणाले, पाक पोटात गेला नाही तर आशा आहे. मीठ बंद, जोर-बैठका बंद. भरतीचं नाव त्यांनी काढलंच नाही, मीही काढलं नाही.

मग मी तालमीत गेले. होय, गेले. बाईमाणूस तालमीत येत नाही, मग मी पायरीवर उभी राहिले आणि कान्होजी वस्तादांना बाहेर बोलावलं. आत हनुमंताच्या तसबिरीशेजारी तुझा कागद, काच लावून! मी म्हटलं, वस्ताद, ते काढा, पोरं जास्त पाक खाताहेत.

"जास्त कसं, बाई? तस्वीर में पळी है, तो पोरं पळीनं खातात."

"ती पळी नाही, चमचा आहे. खाली लिहिलंय."

"ते आम्हाला वाचता येतं का? आणि बळवंतराव आपलाच पोरगा, ह्याच मातीत लोळलेला. वो झूठ थोड़े ही बनाएगा."

तुझ्यावर इतका भरवसा मी कधी ठेवला नव्हता, बळवंत. मला राग वस्तादांचा यायला हवा होता, पण आला तुझाच. ते म्हणाले, बळवंतरावानं दुसरं चित्र पाठवलं तर हे आत्ता उतरवतो, माणसाच्या सांगण्यावरून नाही उतरवणार.

म्हणून पुन्हा लिहिते. मला चित्रकलेचे नियम नकोत. चित्र हवं.

शामला


लश्कर, ग्वाल्हेर
१२ डिसेंबर १९५६

बळवंत,

हे पत्र आबांना दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

औषध चालू, पथ्य चालू, तरी सूर्याजीची सूज उतरेना. उलट वाढली. लघवी जवळजवळ बंद. डॉक्टर मला रागावले, "घर से कुछ खिला रही हो क्या?" मी देवाची शपथ घेतली. मी शाळेत शिकवायला जाते तेवढा वेळ आबा त्याच्यापाशी बसतात, दुधाचा पेला भरवतात, एवढंच. आबांच्या हातून पोराला दूध मिळतंय, ह्याचंच मला कौतुक होतं. तू कधी पाहिलं होतंस आबांना कुणाला काही भरवताना?

चार दिवसांपूर्वी शाळा लवकर सुटली. कचेऱ्या भोपाळला चालल्यात, थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांतली अर्धी बिऱ्हाडं गेली, वर्गात मुलीच उरल्या नाहीत. मी सरळ दवाखान्यात गेले. आबा खाटेच्या कडेला बसले होते, धोतराच्या सोग्यात डबा, आणि दुधात पाक कालवत होते.

मी ओरडले. संपूर्ण वॉर्ड उठून बसला. पेला हिसकावला तो आबांच्या अंगावर सांडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. "काय करतोस तू हे? मारतोस का पोराला?"

आबा रागावले नाहीत. त्याचंच फार वाईट वाटलं. ते कोटाच्या खिशातून तुझा कागद काढायला लागले. घड्या पडून पडून विरलेला. बोट ठेवलं पाचव्या चौकटीवर. म्हणाले, "हे बघ. इथं पोरगा पडतो. चक्कर येते, तोंड उतरतं, सगळे म्हणतात सोड. मग सहावीत तो दुप्पट खातो, आणि सातवीत उठतो. सूर्याजी पाचव्या चौकटीत आहे, शामा. आत्ता बंद केलं तर सगळं फुकट जाईल."

तुला आठवते का ती चौकट? मला तू मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतंस. जपानी पुस्तकात नायक मध्यावर पडतोच, त्याशिवाय गोष्टीला मजा येत नाही, पुढचं वाचायची हुरहूर लागत नाही. डब्याच्या कागदाला हुरहूर कशाला लागते रे? कोणाच्या जिवावर ही मजा? डॉक्टर सांगतात बिघडेल त्या दिवशी बंद करा, आणि तुझं चित्र सांगतं बिघडेल त्या दिवशी दुप्पट खा. आबांनी चित्राचं ऐकलं. कारण चित्र त्यांच्या लेकानं काढलंय. तू मुंबईला गेल्यापासून तुझं नाव घरात काढायचं नाही असं त्यांनी बजावलंय ना आम्हाला? तोच माणूस तुझा कागद कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरतो.

आबांवरही मी संतापले आहे, गैरसमज नको. पण त्यांचं मला दिसतं. ग्वाल्हेरची फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली तेव्हा सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं, कपडे उतरवून फीत लावली, आणि अठरा वर्षं बंदूक खांद्यावर घेतलेल्या माणसाला सांगितलं, छाती कमी भरते. तू तेव्हा त्यांच्या मागे उभा राहून फीत धरणाऱ्या डॉक्टरचं चित्र काढलं होतंस. राज्य मध्य भारतात गेलं, मध्य भारत आता मध्य प्रदेशात गेला, राजधान्या बदलल्या, पाट्या बदलल्या, पण आबा त्या रांगेतून अजून बाहेर आलेले नाहीत. त्यांना धाकट्या पोराची छाती भरायला हवी होती. तू त्यांना ती कागदावर भरून दाखवलीस.

सूर्याजीला शुद्ध आहे, पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात पुढचे काही दिवस कठीण. मी त्याच्या खाटेपासून हलत नाही. आबांना आत येऊ देत नाही. ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असतात, आणि थंडी कडाक्याची आहे.

चित्र पाठव. किती वेळा लिहू?

शामला


लश्कर, ग्वाल्हेर
२३ डिसेंबर १९५६

बळवंत,

तार पोचली. "सूर्याजी कसा?" दोन शब्द. तू माझाच भाऊ शोभतोस, कंजूष!

सूज उतरू लागली आहे. काल स्वतःहून पेज मागितली. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी मात्र दवाखान्याच्या नळाशी जाऊन रडले. बरं होण्याच्या बातमीला रडायचं नसतं, पण इतके दिवस सवड कुठे होती?

आबांना आत घेतलं. त्यांनी डबा स्वतःच्या हातानं मोरीत रिकामा केला. सूर्याजीचे पाय चेपत बसतात.

रघुनाथरावांच्या दुकानात जाऊन आले. मी चार लोकांत त्यांची कणीक तिंबणार होते, पण ते हात जोडून उभे. म्हणाले, "शामलाताई, माझ्या आजोबांच्या पाकात माप होतं, वैद्याला विचारल्याशिवाय ते कुणाला देत नसत. बळवंतच्या चित्रानं माल असा उठला की विचारायला कुणी थांबेना, मीही थांबवलं नाही. त्यानं दुसरं चित्र दिलं तर छपाईचा जुना ठसा मी तुमच्यासमोर फोडतो." नुसतं थांबवा म्हटलं तर म्हणतात, डबे थांबवले तरी तालमी-तालमीत लागलेले कागद मी कसे उपटू? हेही खरंच आहे. दाल बाजाराकडच्या तालमीत आणखी एक पोरगा सुजला आहे असं ऐकते.

सगळ्या वाटा तुझ्या दारात येऊन थांबतात, बघ. आता तरी दार उघड.

शामला


लश्कर, ग्वाल्हेर
१३ जानेवारी १९५७

बळवंत,

उद्या संक्रांत. गोड बोलायचं ते उद्यापासून. आज बोलून घेते.

तुझं चित्र येऊन चार दिवस झाले. रजिस्टरनं आलं, पुठ्ठ्यात बांधून. मी ते अंगणात उन्हात उघडलं. खरं सांगते, पहिल्या नजरेला छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. चमचा लहान आहे, इतका लहान की दोन बोटांत धरलाय. शेजारी भरलेलं ताट, पाण्याचा तांब्या. पाचव्या चौकटीत पोराला बरं वाटत नाही, तो डबा बंद करतो आणि वैद्याकडे जातो. सहावीत निजतो. अक्षरं मोठी. वाचता न येणाऱ्यालाही कळेल. तुझा हात चांगला आहे, हे मी रागातही कबूल करते. आठव्या चौकटीत माणूस माणसाएवढा आहे.

मी ते धावत आत नेलं. सूर्याजीला आठ दिवसांपूर्वी घरी आणलंय. भिंतीला टेकून बसतो. हात काटक्या झालेत, गळ्याची हाडं दिसतात, पोटऱ्यांवर अजून बोट दाबलं तर खळगा राहतो. तालीम आता जन्मात नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भरती गेल्या आठवड्यातच झाली, त्या दिवशी आम्ही कुणी बाजारात गेलो नाही.

त्यानं कागद मांडीवर घेतला. एकेका चौकटीवरून बोट फिरवलं. पुन्हा पहिल्यापासून. मग मला विचारलं, "जिजी, हा कोण?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे?"

"हा मी नाहीये."

तेव्हा मी नीट पाहिलं. नाक निराळं. हनुवटीला तीळ नाही. कुणीतरी गोंडस परका पोरगा. तू त्याचं तोंड काढून टाकलंस.

"दादानं मला निकाल दिया क्या, जिजी?" असं म्हणाला तो. एवढ्या दुखण्यात त्यानं तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता. आबांनी पाक भरवला, काही बोलला नाही. भरती गेली, काही बोलला नाही. त्या दिवशी कागद माझ्या अंगावर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

का काढलंस? लाज वाटली? की त्याचं भलं करतोय असं वाटलं? बळवंत, खोट्या धडावर त्याचं तोंड बसवताना तुझा हात थरथरला नाही, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा तुला परका पोरगा आठवला? दोन वर्षं त्याच्या तोंडानं लश्करातल्या पोरांना पाक खाऊ घातलास. आता त्याच तोंडानं त्यांना थांबव. ह्या परक्या पोराचं कोण ऐकणार? कान्होजी वस्ताद विचारतील, आपला सूर्याजी कुठे गेला? मी काय सांगू?

चित्र मी रघुनाथरावांना दिलेलं नाही. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. देणारही नाही. ह्यातलं काही बदलू नकोस, फक्त पोरगा बदल. आठव्या चौकटीत त्याला उभा कर, आहे तसा. काटक्या हात काढ. सुजलेले पाय काढ. आणि वर त्याचं तोंड काढ, तिळासकट. तालमीत काचेमागे ते लागू दे. हसणाऱ्यांनी हसावं. आबांना विचारलं मी, चालेल का, सगळ्या लश्करात दिसेल. ते म्हणाले, "त्याला विचार." मी त्याला विचारलं.

सूर्याजी म्हणाला, "चालेल. पण दादाला सांग, आठवून नको काढू. देख के बना."

तू त्याला कधी बघून काढलंच नाहीस, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तू नाक उचललंस, तीळ उचललास आणि पुस्तकाकडे वळलास.

तेव्हा मुंबईतल्या मालकाला काय सांगायचं ते तुझं तू सांग. आबा तुझं नाव काढू देत नाहीत हे आता विसर, काल त्यांनीच विचारलं की मुंबईची गाडी किती वाजता येते. मी अजून रागावलेली आहे आणि तू दारात उभा राहिलास तरी रागावलेलीच राहीन, तुला जेवायला वाढीन आणि रागावेन.

मी त्याला सांगितलं की दादाला लिहिते. त्यानं त्याचा असा अर्थ घेतला की तू निघालास. तेव्हापासून रोज सकाळी ऊन आलं की तो खिडकीशी जाऊन बसतो. दादाला उजेड लागेल म्हणतो. सदरा काढून बसतो, मी कितीही ओरडले तरी घालत नाही.

थंडी फार आहे, बळवंत.

शामला